तेवीस नंबर, तीन नग

मला यंत्राची भीती नाही! हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना गैरसमज नको. अहो, पखवाजवाला एकदा रंगात आला की भल्याभल्यांचे टाळ भरकटतात. कुणी पुढं पळतो, कुणी मागं राहतो, कुणी नुसताच ओठ हलवत उभा राहतो. माझा टाळ आजवर एकदाही चुकला नाही! मग ज्याला पखवाज सांभाळता येतो, त्याला बारा बटणांच्या फोनची काय कथा?

हे वाक्य मी आमच्या नितीन साहेबांसमोर, सगळ्या ऑफिसच्या देखत बोललो. तिथंच फसलो.

आमची कंपनी नगरच्या एमआयडीसीत. विहिरीत आणि बोअरमध्ये सोडायचे पंप बनवते. मी डिस्पॅचला. म्हणजे कुठला पंप कुठल्या गाडीत चढला, कुठं उतरला, डिलिव्हरी झाली की नाही, हे बघणारा. नाव कानिफनाथ, पण कुठंही कीर्तन असलं की मी तिथं हजर, त्यामुळे सगळी कंपनी मला ‘बुवा’च म्हणते. माझं टेबल खिडकीशी. टेबलावर काळा फोन. नंबर तेवीस.

खरं सांगायचं तर तेवीस नंबर फारसा वाजत नसे. माल वेळेवर पोचला तर डिस्पॅचवाल्याला फोन कोण करतं? सगळं नीट चाललेलं असताना माणसं देवाला तरी कुठं आठवतात!

फोन मीच करायचो. रोज एकच. चहाच्या वेळेला, माझ्याच घरी.

हसू नका, सांगतो. घरी फोन यावा म्हणून आम्ही अर्ज भरला, तेव्हा आमची शुभांगी शाळेत होती. ती कॉलेजात गेली, तिचं लग्न झालं, ती नांदायला गेली, तरी फोन येतोच आहे! मालननं, म्हणजे आमच्या मंडळींनी, कोपऱ्यातलं स्टूल पुसून तयार ठेवलं होतं. फोनवर घालायला लोकरीचं हिरवं झाकणसुद्धा विणून ठेवलं होतं. शेवटी एकदाचा फोन आला. झाकण बरोब्बर बसलं. ते बसलेलं बघायला मालन मात्र नव्हती.

घरी कोणी नाही, हे मला ठाऊक होतं. कुलूप मीच लावून निघायचो ना! पण पलीकडं घंटी वाजत राहिली की वाटायचं, घरात कुणीतरी आहे. हात ओले आहेत. पदराला पुसत पुसत येतंय. थोडा वेळ वाजू द्यायचं आणि ठेवून द्यायचं. बिल नाही, काही नाही. उचललंच नाही तर बिल कसलं!

तर असं सगळं सुरळीत चाललं असताना पुण्याहून नितीन साहेब आले.

साहेब तरुण, हुशार, आणि जेवण सोडून सगळं वेळेवर करणारे. आल्या आल्या त्यांनी आम्हाला एकत्र बोलावलं आणि जाहीर केलं, “आजपासून या ऑफिसात कुठलंही टेबल कुणाचंही नाही!”

काय ओळ आहे! मी डोळे मिटले आणि नकळत मान डोलावून म्हणालो, “वा!”

“बघा,” साहेब खूश झाले. “सगळ्यात आधी बुवांना पटलं!”

अहो, मला वाटलं निरूपण सुरू झालं! ते निरूपण नव्हतं, ती योजना होती. निम्मी माणसं रोज बाहेर फिरतात, त्यांची टेबलं रिकामी पडतात, म्हणून टेबलं कमी करायची. सकाळी येईल त्यानं मोकळं दिसेल ते टेबल धरायचं आणि तिथल्या फोनवर आपला नंबर लावायचा. नंबर टेबलाचा नाही, माणसाचा. माणूस जाईल तिथं नंबर त्याच्या मागं जाईल. या सोयीचं नाव ‘फॉलो-मी’!

“आणि बाहेर गेलात,” साहेबांनी खिशातून एक काळी वस्तू काढली, “तर नंबर या मोबाईलवर घ्यायचा.”

मोबाईल नगरात तेव्हा नुकतेच दिसायला लागले होते. कपड्याच्या साबणाची अख्खी वडी घ्या, तिला शेंडी लावा, झाला मोबाईल! कंपनीनं असे दोन घेतले. एक साहेबांचा. दुसरा फिरता, जो बाहेर जाईल त्याचा.

“आणि सर, माझं काय?” वृषालीनं विचारलं. वृषाली आमची ऑपरेटर. बाहेरून आलेला प्रत्येक फोन आधी तिच्या बोर्डवर यायचा, मग ती जोडून द्यायची. जोडताना ‘जरा थांबा हं’ असं इतकं गोड म्हणायची, की लोक खुशाल थांबायचे.

“बाहेरचा फोन आता मशीन उचलेल,” साहेब म्हणाले. “ज्याला जो नंबर हवा, तो त्यानं स्वतःच दाबायचा.”

“मशीन ‘जरा थांबा हं’ म्हणणार का?”

“म्हणेल. इंग्रजीत.”

मीच तिला धीर दिला. “अगं, यंत्राला काय घाबरायचं? मला बघ!” आणि मग ते पखवाजाचं वाक्य बोलून गेलो.

दुसऱ्या दिवसापासून माझा संसार पिशवीत आला. विठ्ठलाची तसबीर, बुक्क्याची डबी, चष्म्याचं घर, अडीअडचणीला असावा म्हणून टाळ. रोज सकाळी पिशवी घेऊन टेबल शोधत फिरायचं. कधी स्टोअरच्या दाराशी, कधी संडासाच्या भिंतीला लागून. एकदा तर मोकळं टेबल दिसलं म्हणून तसबीर मांडली, उदबत्ती लावली, डोळे मिटून हात जोडले. उघडले तर पुढं साक्षात नितीन साहेब उभे! ते टेबल त्यांचं होतं.

“पण साहेब, तुम्हीच म्हणाला होता, कुठलंही टेबल कुणाचंही नाही!”

“ते तुमच्यासाठी, बुवा,” साहेब म्हणाले.

हेही मी हसून सोडून दिलं असतं. पण नेमके तेच दिवस माझ्या जिवाला घोर लागायचे होते.

आमची शुभांगी भंडारदऱ्याला दिलेली. धरणाजवळ जावयांची खानावळ आहे. काकासाहेब त्यांचं नाव, माणूस सोन्यासारखा. शुभांगीला दिवस गेलेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही आपली रीत. पण माहेरी कोण? मी आणि माझा टाळ! विहीणबाई साळूबाईंनीच तो विषय मिटवून टाकला. “पाव्हनं, तुमी बापय मानूस. तुमी काय करनार? आमी हाये की! ल्येक आमचीच समजा.” त्यांचं बरोबरच होतं. मी मान हलवली, डिंकाचे लाडू विकत घेऊन पोचते केले आणि परत आलो. येताना एसटीत शेजारची बाई विचारत होती, “लेकीला न्यायला गेल्ता का?” मी म्हणालो, “नाही, सोडायला.” आणि खिडकीतून बाहेर बघत बसलो.

मग एक दिवस संध्याकाळी तेवीस नंबर वाजला! त्या दिवशी मी स्टोअरच्या दाराशी होतो, तरी तिथं वाजला. यंत्र वाईट नव्हतं हो.

“मामा, काकासाहेब बोलतोय. शुभीला राजूरला दवाखान्यात आणलंय. डॉक्टर म्हणतात, उद्यापर्यंत होईल. झालं की इथल्या बूथवरून फोन करतो. कुठल्या नंबरवर करू?”

“तेवीस! मशीन बोलायला लागलं की तेवीस दाबायचं!”

“लागेल ना मामा? मागच्या खेपेला तेवीस दाबलं तर कुणीतरी वेगळ्याच माणसानं उचललं.”

“लागेल! मी आहे ना!”

आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी भिंगारच्या नाक्यावर आमचा ट्रक अडला. तो सोडवायला मला जायलाच हवं होतं. आणि भिंगारलाच सप्ताहाची सांगता होती! गोरक्षनाथ महाराजांचं काल्याचं कीर्तन, दिवसाढवळ्या, नाक्यापासून हाकेच्या अंतरावर! ट्रक काय, पाच मिनिटांत सुटेल. ही विठ्ठलाचीच योजना, मी फक्त निमित्त.

आता फोनची व्यवस्था. नीट ऐका, कारण इथं मी फार बारीक विचार केला होता.

फिरता मोबाईल मी घेतला. तेवीस नंबर त्याच्यावर लावला. पण मनात शंका आली, जावईबापू घाईत असणार. तेवीसच्या जागी बत्तीस दाबलं तर? बावीस दाबलं तर? मशीनचं इंग्रजी ऐकून गोंधळले आणि साहेबांचाच नंबर दाबून बसले तर? फोन भलत्याच टेबलावर वाजत राहील आणि मला पत्ताही लागणार नाही!

तेवढ्यात प्रकाश पडला. कीर्तनात काय असतं? महाराज पुढं उभे राहतात, बाकीचे सगळे मागं. महाराज म्हणतात, माझ्या मागं म्हणा! ‘फॉलो-मी’ म्हणजे तरी दुसरं काय? मग सगळ्या नंबरांनाच माझ्या मागं उभं केलं तर?

प्रत्येक नंबराला एक गुप्त आकडा होता. साहेबांनी तो बदलायला सांगितला होता. कुणीही बदलला नव्हता. सगळ्यांचा एकच, एक-दोन-तीन-चार! मी बसलो आणि एकेकाला रांगेत उभं केलं. स्टोअर माझ्या मागं. अकाउंट्स माझ्या मागं. परचेस, सेल्स, साहेब, सगळे माझ्या मागं! वृषालीच्या बोर्डाचा नंबर दाबत होतो, तेव्हा तिनं बघितलंच.

“बुवा, माझ्या फोनचं काय करताय?”

“उद्धार!” मी म्हणालो.

घरच्या फोनचा बंदोबस्त तर मी सकाळीच करून आलो होतो. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आमच्या भजनी मंडळातला एक जण आहे. त्यानं सांगितलं होतं, की आता घरचा फोनही दुसरीकडं वळवता येतो. जावयांनी चुकून घरी फोन केला तर? म्हणून तो मी कंपनीच्या नंबरावर वळवून टाकला. वर लोकरीचं झाकण नीट सारखं केलं, कुलूप लावलं आणि निघालो होतो.

आता कुठूनही फोन येवो, बत्तीसवर येवो की बेचाळीसवर, तो माझ्याच खिशात वाजणार! पखवाज सांभाळणारा माणूस आहे हो!

ट्रक खरंच पटकन सुटला. मंडपात पोचलो, तेव्हा कीर्तन ऐन रंगात होतं. गोरक्षनाथ महाराजांचा आवाज म्हणजे काय सांगू! माणूस सुरात रागावला तरी अंगावर माया पसरते. टाळकऱ्यांत माझी जागा ठरलेली, मागच्या ओळीत डावीकडं. पण खिशातून मोबाईल काढून बघितला तर रेंज नाही! एक पाऊल पुढं सरकलो. नाही. आणखी पुढं. नाही. अशी रेंज शोधत शोधत मी टाळ वाजवत पुढं सरकत राहिलो आणि जिथं एकदाची रेंज सापडली, तिथून महाराजांचा अंगरखा माझ्या कोपराला लागत होता.

महाराजांनी एकदा माझ्याकडं बघितलं. त्यांना वाटलं, भक्तीचा आवेग.

आणि मोबाईल वाजला!

मंडपातल्या कितीतरी माणसांनी मोबाईलचा आवाज तोवर ऐकलाही नव्हता. पखवाजवाला थांबला. पुढं बसलेल्या भागूबाई म्हणाल्या, “आगं बया, बुवाच्या छातीत काय वाजतंय?”

मी कानाला लावला. “रामकृष्ण हरी! काय झालं? मुलगा की मुलगी?”

“नितू?” एका म्हाताऱ्या बाईंचा आवाज. “नितू, जेवलास का रे?”

साहेबांची आई! पुण्याहून! आता सरळ सांगायला हवं होतं, की आई, मी नितीन नाही, मी डिस्पॅचचा कानिफनाथ. पण काय झालं कोण जाणे. ‘जेवलास का’ असं मला कुणी विचारून फार दिवस झाले होते.

“नाही अजून,” मी म्हणालो.

“आवाज का रे असा बसलाय?”

“जेवतो हं, आई,” असं म्हणून मी फोन ठेवला.

महाराज कसलेले माणूस. ते हसून म्हणाले, “बघा मंडळी, कीर्तनातसुद्धा बुवांना आईनं शोधून काढलं!” मंडपानं टाळ्या वाजवल्या. मी हळूच महाराजांच्या कानाशी लागलो आणि लेकीचं सांगितलं. महाराजांचा चेहराच बदलला. “असं होय! मग खुशाल घ्या फोन. आणि मोठ्यानं बोला, आम्हालाही कळू दे. आज काल्याचा दिवस, आनंद वाटून घ्यायचा!”

मग काय! अकाउंट्सला फोन, चेक कधी निघणार? “देव बघतोय, निघेल!” परचेसला फोन, बोल्ट पाठवू का? “पाठवा!” असे फोनांवर फोन. आणि दर फोनला आख्खा मंडप माना उंचावून विचारतोय, “झाली का? झाली का?”

मी नकाराची मान हलवायचो. मंडप हळहळायचा. खरं सांगू? इतकी माणसं माझ्या घरच्या गोष्टीसाठी थांबलेली, असं मालन गेल्यापासून झालं नव्हतं.

आणि मग तो फोन आला.

“हॅलो! डिलिव्हरी झाली बरं का!” घोगरा आवाज, मागं वारा, रस्त्याकडेला उभा राहून बोलत असावा. जावयांचा कुणी भाऊबंद असणार.

“झाली?” मी ओरडलो. “कुठं? कधी?”

“आत्ता, टेम्पोतून उतरल्या उतरल्या!”

“टेम्पो? टेम्पोतून का नेलं?”

“मंग कशातून? लई हाल झाले पर रस्त्यानं! खड्ड्यात अशी आदळआपट, म्या म्हनलं आता निम्मं काम हितंच हुतंय!”

“अरे देवा! बरं, पण झालं काय?”

“काय म्हंजी? तीन नग!”

माझ्या हातातला टाळ खाली पडला. आयुष्यात पहिल्यांदा! “तीन?”

“तीनच सांगितलं हुतं की तुमी!”

“मी कशाला सांगू?” असं म्हणत मी मंडपाकडं वळलो आणि दोन्ही हात वर केले. “मंडळी, तिळं झालं!”

काय सांगू तो कल्लोळ! पखवाज धडाडला, बाया उठून उभ्या राहिल्या, भागूबाईंनी तर पाळणाच म्हणायला घेतला. माझ्या पाठीवर थापा. कुणीतरी माझ्या तोंडात खडीसाखर कोंबली. मी रडत होतो आणि त्या रडण्यातच फोनवर विचारत होतो, “आवाज आहे ना? आवाज आहे ना तिघांना?”

“दोन लगेच चालू झाले मालक! काय आवाज, शिवारभर! पर तिसरा गप हाय. उठतच न्हाई.”

“उठत नाही?” भागूबाईंचा पाळणा अर्ध्यावरच थांबला.

“न्हाई. नुस्ता खालून गळतोय.”

“अहो ते गळणारच! पण आवाज? आवाज का नाही? काही केलंत का?”

“केलं की! पान्यात सोडून बघितला.”

“पाण्यात?” मी किंचाळलो. “अहो, पाण्यात कशाला सोडलात?”

“आता ह्ये काय बोलनं झालं? पान्यातच सोडायचा असतोय न्हवं?” तो माणूस चिडला. “आता वर वढलाय आन् झाडाला उलटा टांगून ठिवलाय. जीव न्हाईच म्हना त्येच्यात. तुमी आसं करा, ह्यो माघारी घिऊन जा आन् दुसरा द्या!”

आणि रेंज गेली.

मी मटकन खाली बसलो. महाराजांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. काय ऐकलं, ते मी कसंबसं सांगितलं. झाडाचं आणि ‘दुसरा द्या’चं तर माझ्या डोक्यात शिरलंच नव्हतं, एकच शब्द कानात घुमत होता, गप आहे, गप आहे. शुभीची आई असती तर ती तिथं असती. तिनं उचलून पाठीवर थोपटलं असतं, पायाला टिचकी मारली असती, त्याला रडवलं असतं! आणि मी इथं भिंगारच्या मंडपात, हातात साबणाची वडी घेऊन बसलेलो.

महाराज सगळ्यांकडं वळले. “मंडळी, बुवांचं एक नातवंड अजून बोलत नाही. आपण त्याला हाक मारू. विठ्ठल! विठ्ठल!”

सबंध मंडपानं हाक उचलली. म्हातारी माणसं, पोरंटोरं, स्वयंपाकाच्या बाया हातातली परात टाकून आलेल्या, सगळे डोळे मिटून माझ्या त्या गप्प नातवंडासाठी देवाला विनवत होते. मंडपाचे बांबू थरथरत होते.

आणि फोन वाजला!

“चालू झाला!” तोच घोगरा आवाज, आता आनंदानं फुटलेला. “तिसराबी चालू झाला वो! कचरा आडकला हुता नुस्ता!”

“झाला!” मी उडी मारली. “मंडळी, बोलला! तिसराही बोलला!”

महाराजांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. “याला म्हणतात नाम!” ते गरजले, आणि वरची दहीहंडी त्याच क्षणी फुटली.

“म्या शेवगावहून रंभाजीशेठ बोलतोय,” फोनवरचा माणूस सांगत होता. “साडेसात हॉर्सपावर हाय, पर पानी कसलं फेकतंय! आता तेवढी पोच लिवून घ्या डिस्पॅचवाल्याला सांगून.”

मी डिस्पॅचवालाच होतो.

तीन पंप. शेवगावचे. मीच टेम्पोत भरून दिले होते.

आता तुम्हीच सांगा, तेवढ्या मंडपात उभं राहून, महाराज रडत असताना, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? मी काही बोललो नाही. मोबाईलही नाही, एकदा ‘टुक’ म्हणाला आणि विझला. बॅटरी गेली. महाराजांनी तिन्ही नातवंडांच्या नावानं काल्याचे तीन द्रोण माझ्या हातांत दिले. पाया पडलो, तर म्हणाले, “नावं छान ठेवा!”

तीन द्रोण सावरत रिक्षानं ऑफिसात आलो. शिपायापासून अकाउंटंटपर्यंत सगळी माणसं मधोमध उभी. एकाही टेबलावर फोन वाजत नाही. स्मशानात बरी गजबज असते! भिंतीवरच्या यंत्राचं झाकण उघडं, आणि समोर नितीन साहेब, टाय खांद्यावर टाकलेला.

“बुवा!” ते म्हणाले. “सबंध कंपनी तुमच्या खिशात होती!”

“साहेब, ते फॉलो-मी...”

“माझी आई रडतेय तिकडं! म्हणे, नितूचा आवाज म्हाताऱ्यासारखा झालाय आणि मागं टाळ वाजत होते. विचारतेय, घर सोडून बुवा झालास का?”

“पण मी तिला जेवतो म्हणून सांगितलं, साहेब.”

मी पटकन एक द्रोण त्यांच्या हातात दिला. ते जेवले नव्हतेच. उभ्या उभ्या अर्धा द्रोण संपला, तेव्हा आवाज जरा खाली आला. “मी सगळं पहिल्यासारखं केलंय. फोन वृषालीच्या बोर्डावर. आणि तुम्ही, बुवा, तुमच्या खिडकीशी बसा. तिथून हलू नका. कशालाही हात लावू नका!”

मी दुसरा द्रोण वृषालीपुढं ठेवला. तिनं तो घेतला नाही. माझ्याकडं बघत राहिली.

“बुवा, जावयांचा फोन येऊन गेला.”

“कधी?”

“आत्ताच. सकाळपासून लावत होते म्हणे, सारखा एंगेज. बूथवर मागं रांग होती, थांबता येईना. मीच म्हटलं, मला सांगा, मी सांगते.” ती हसली. “मुलगी झाली. दोघी खुशाल आहेत. आणि म्हणाले, मामांना एवढं नक्की सांगा, नाक आजीचं घेतलंय.”

ज्या एका फोनसाठी सगळ्या कंपनीला मागं लावून हिंडलो, तो फोन माझ्याच फोनांमुळं मला लागला नाही.

सगळ्यांनी हात मिळवले. कुणी पेढे मागितले, कुणी पाठीवर थाप मारली. मग एक फोन वाजला, दुसरा वाजला, आणि जो तो आपापल्या टेबलाकडं पळाला. साचलेले फोन होते, उशीर झालेली कामं होती. मी खिडकीशी बसलो. पिशवीतून तसबीर काढून जागेवर मांडली. तिसरा द्रोण तिच्यापुढं ठेवला. चहा आला, तो प्यायलो. नात झाली, नाक आजीचं. आता हे कुणाला सांगायचं? भिंगारला सांगायची सोय नव्हती, तिथं तीन नातवंडं होती.

चहाची वेळ. हात सवयीनं फोनकडं गेला. तेवीसवरून मी घरचा नंबर फिरवला.

घंटी वाजली. हात ओले असतील, मी मनात म्हणालो. परत वाजली. पदराला पुसत असेल.

आणि पलीकडं फोन उचलला गेला!

“हॅलो?” बाईचा आवाज.

मी डोळे मिटले. यंत्राला न घाबरणारा मी माणूस, पण रिसीव्हर मी दोन्ही हातांनी धरला.

“अगं,” मी म्हणालो, “अगं, नात झाली! नाक तुझंच घेतलंय म्हणे!”

मग तोच आवाज, पण अगदी हळू, आणि एका कानाऐवजी दोन्ही कानांत आला.

“बुवा... जरा मागं बघा.”

मी मागं बघितलं. बोर्डापाशी वृषाली बसली होती, रिसीव्हर कानाला लावून. सकाळी वळवलेला घरचा फोन मी सोडवायचा विसरलो होतो. खिडकीपासून निघालेला माझा फोन आमच्या कुलूपबंद घरापर्यंत जाऊन, उलटा फिरून, माझ्या पाठीमागच्या टेबलावर आला होता.

ती हसली नाही. डोळे मात्र तिनं पुसले. मग रिसीव्हर कानालाच ठेवून म्हणाली, “कळलं हो मला. फार छान झालं. आता फोन ठेवता का? लाईनवर साहेबांच्या आई थांबल्यात... जरा थांबा हं, आई!”

घरचं ते फॉलो-मी काढून टाकायला एक्स्चेंजात गेलं पाहिजे. जाणार आहे, नक्की जाणार आहे. हल्ली सप्ताहांचे दिवस आहेत, तेवढे जरा उरकू देत.